प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आहे, शेतीची पदवी नाही. कीटकशास्त्रात पीएच.डी. करता येईल का? कुठल्या विद्यापीठात? आणि पुढे नोकरीचं काय?

येईल. फक्त कृषी विद्यापीठांचा नाद सोडा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही ठिकाणी या विषयाच्या पीएच.डी.ला सहसा एम.एस्सी. (कृषी) लागते. मी त्याच वाटेने गेलो, म्हणून सांगतोय. तुमची वाट नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची. सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात, त्यामुळे परीक्षा वाया जात नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही ‘कुठल्या विद्यापीठात’ असं विचारलंय. मी आधी ‘कुठला कीटक’ हे ठरवायला सांगेन. प्राणिशास्त्रवाल्याला डास आणि इतर रोगवाहक कीटक हे सगळ्यात मोकळं रान आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, पुद्दुचेरीला आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्र. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत सापडला, आणि तो पसरवते ती वालुका माशी, म्हणजे सॅन्डफ्लाय. असे विषय अजून संपलेले नाहीत. वर्गीकरणाची आवड असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंग्यांवर काम करायचं तर बंगळुरूची ‘एट्री’ (ATREE) ही पर्यावरण संशोधन संस्था बघा. वर्गीकरणात माणसं कमी आणि कीटक अफाट, पण पगाराच्या जागाही तितक्याच कमी, हे धरून चला.

कीटक आधी ठरवा म्हणतो, कारण पुढची तीन ते सहा वर्षं (यूजीसीची किमान आणि कमाल मर्यादा हीच) तुम्ही त्याची पोरं सांभाळणार आहात. माझी घाटे अळी होती, हरभऱ्याचे घाटे पोखरणारी. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि अगर शिजवायचं, जरा निवलं की मग क जीवनसत्त्व घालायचं, नाहीतर उष्णतेने त्याचा उपयोग जातो. अळ्या थोड्या मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी कुपी. दिवाळी असो की घरातलं लग्न, खाणं बदलायला कुणीतरी लॅबमध्ये पाहिजेच. आणि एखाद्या सकाळी दोन-चार कुप्यांत अळ्या मऊ, फिकट होऊन उलट्या लटकलेल्या दिसतात, हात लावला की कातडी फुटून पांढुरकं पाणी येतं. एनपीव्ही. हा विषाणू शिरला की अख्खं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पाळलेल्या सगळ्या अळ्या, गेलं समजा: सगळी भांडी क्लोरीनने धुवायची आणि शेतातून नव्या अळ्या गोळा करायच्या. गंमत अशी, की अशाच मेलेल्या अळ्या वाटून, गाळून हरभऱ्यावर फवारायचं जैविक कीटकनाशक बनतं. लॅबमध्ये शिव्या, शेतात कौतुक!

शेतातले प्रयोग असतील तर हंगामाचं गणित वेगळंच. साधारण दोन हंगामांची आकडेवारी लागते. ऐन घाटे भरताना गारपीट झाली की वर्ष गेलं. डासवाल्यांना हा त्रास कमी. त्यांना मात्र माद्यांना रक्त पाजायची सोय बघावी लागते.

नोकरीचं विचारलंय. प्राध्यापकाच्या जागा रखडत निघतात, त्यांच्याच भरवशावर बसू नका. कीटकनाशक आणि बियाणे कंपन्या, जैविक नियंत्रणाचं उत्पादन, हिवताप-डेंग्यू नियंत्रणाचे कार्यक्रम इथे माणसं लागतात.

गाइडला मेल करण्याआधी त्यांच्याकडच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोला. प्रबंध किती वर्षांत जमा झाला, फेलोशिप वेळेवर मिळते का आणि सुट्टीत कल्चर कोण सांभाळतं, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर आणखी दोघांना फोन करा.