डोमेन एकच पुरे

प्रश्न: देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. साइट इंग्रजीत आहे, आता मराठी-हिंदीही करायचीय. साइट बनवणारा म्हणतो, भाषेगणिक वेगळं डोमेन घ्या, मराठीसाठी .भारत घ्या, गुगलला आवडतं. घ्यावं का?
– एक बागायतदार

उत्तर: नका घेऊ. हंगाम जूनला आटोपतो, डोमेनची बिलं मात्र दरवर्षी तीन. शिवाय जुन्या डोमेनला आजवर इतर साइटींकडून मिळालेल्या लिंकांचं गुगलच्या लेखी असलेलं वजन नव्या कोऱ्या डोमेनला आपसूक मिळत नाही. विकिपीडिया प्रत्येक भाषेला सबडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनच्या आधी भाषेची खूण जोडलेला पत्ता, देतो खरा, पण तिथे प्रत्येक भाषेचं लिहिणारं मंडळच वेगळं. तुम्हाला आहे त्याच डोमेनखाली मराठीला ‘एमआर’ आणि हिंदीला ‘एचआय’ अशी दोन फोल्डरं बस झाली. देवनागरी .भारत २०१४पासून मिळतंय. पेटीवर झकास दिसेल. हौस असेल तर घ्या आणि जुन्या साइटकडे वळवा. त्याने गुगलमधला क्रमांक वर चढत नाही.

पैसे घालायचे तर मजकुरावर घाला. पानाची भाषा गुगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं. मेनू मराठी आणि खाली भाव, पाठवणी सगळं इंग्रजी, असलं पान धड इकडचं ना तिकडचं.

मग एचरेफलँग. कोणतं पान कोणत्या भाषेतलं ते सांगणारी, २०११मध्ये गुगलने आणलेली ही खूण. प्रत्येक पानावर तिन्ही भाषांतल्या पानांचे पत्ते द्यायचे, स्वतःचासुद्धा. मराठी पानाने इंग्रजीचा पत्ता दिला आणि इंग्रजीने मराठीचा दिला नाही, तर खूण बाद.

गिऱ्हाइकाचं ठिकाण ओळखून परस्पर भाषा बदलण्याची हुशारी नको. गुगलचा बॉट, म्हणजे साइटी वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. त्याला तुमचं मराठी पान दिसायचंच नाही. पानाच्या वर ‘मराठी | हिंदी | English’ किंवा ‘मराठी | हिंदी | इंग्रजी’ असं काहीही लिहा, पण साधी लिंक द्या.

पत्त्यात देवनागरी चालते. मात्र लिंक कॉपी केली की ‘आंबा’ची टक्केचिन्हांसकट छत्तीस अक्षरं होतात. व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेत असाल तर रोमनच बरं.

शेवटचा हप्ता देण्याआधी मराठी पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडायला लावा आणि ‘कॅनॉनिकल’ची ओळ बघा. तिथे इंग्रजी पानाचा पत्ता असेल, आणि इंग्रजीचा साचा जसाच्या तसा उचलला की तो बऱ्याचदा असतो, तर हप्ता थांबवा. त्या ओळीचा अर्थ, हे मराठी पान नक्कल आहे, धरू नका.