डावखुऱ्या लोकांसाठी ॲपची मांडणी बदलता यावी का?

हो, यायला हवी. पण तुम्ही विचारलंय की दहा टक्के डावखुऱ्यांसाठी अख्खं ॲप उलटं करून द्यायचं का, आणि त्याला खर्च किती. अख्खं उलटं करायला माझं उत्तर नाही असंच आहे. अंगठ्याखाली येणाऱ्या चार गोष्टी हलवता आल्या तरी पुरे. आणि त्या फक्त दहा टक्क्यांच्या कामाच्या आहेत हा समज आधी मनातून काढा.

मी डावखुरी आहे आणि अंधेरीला मोबाइल ॲप तपासायचं काम करते. रोज मुलुंडला लोकल पकडते. दादरपर्यंत बहुतेक वेळा उभ्यानेच. उजव्या हाताने वरची कडी धरलेली, खांद्यावर पर्स, डाव्या हातात फोन. आजूबाजूच्या कितीतरी बायका अगदी तशाच उभ्या असतात, आणि त्या काही सगळ्या डावखुऱ्या नाहीत. उजवा हात अडकलाय म्हणून फोन डाव्या हातात आलाय, एवढंच. कुणाच्या कडेवर मूल असतं, कुणाच्या हातात भाजीची पिशवी. मोबाइल डिझायनर स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली सार्वजनिक ठिकाणी लोक फोन कसा धरतात याच्या १,३३३ नोंदी केल्या होत्या. स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन वापरत होते, आणि त्यातले ३३ टक्के डाव्या अंगठ्याने. म्हणजे डावखुऱ्यांच्या प्रमाणाच्या तिप्पट.

आता बऱ्याच ॲपमध्ये मुख्य कामासाठी उजव्या खालच्या कोपऱ्यात असतं ते गोल बटण घ्या. डावा अंगठा तिथपर्यंत न्यायचा तर तो स्क्रीनवरून तिरका जातो, तळव्याची पकड सुटते आणि फोन नुसत्या बोटांवर उरतो. तेवढ्यात अंगठ्याचं मूळ डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टेकतं आणि भलतंच पान उघडतं. गाडी घाटकोपरला थांबताना हे झालं की फोन हातातून गेलाच म्हणून समजा.

त्यामुळे पहिला उपाय सेटिंगचा नाहीच. मुख्य बटण तळाशी, पूर्ण रुंदीचं करा. ते दोन्ही अंगठ्यांना सारखंच जवळ पडतं आणि कुणाला काही निवडावंही लागत नाही. ॲण्ड्रॉइड १० मध्ये २०१९ साली बोट सरकवून मागे जायची सोय आली, ती दोन्ही कडांवरून चालते. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण तिथे हात कुठला हा प्रश्नच उरत नाही.

जिथे बटण एका बाजूला ठेवणं भागच आहे, तिथे बाजू बदलायची सोय द्या. आणि 'तुम्ही डावखुरे आहात का?' असं विचारू नका, 'बटण कुठल्या बाजूला हवं?' असं विचारा. मी जेवते, लिहिते डाव्या हाताने, पण माउस उजव्या हाताने चालवते. कॉलेजच्या लॅबमध्ये माउसची वायर डावीकडे पोचायचीच नाही, तेव्हापासून तीच सवय. उजव्या हाताने लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मात्र बटण डावीकडेच हवं असतं.

काय उलटू नये, हेही सांगते. मजकूर, आकड्यांचा कीपॅड, मागे जायचा बाण, व्हिडिओची पट्टी. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, डावखुरेसुद्धा. उर्दूसाठी मांडणी फिरवतात तेव्हा वाचायची दिशाच बदललेली असते. इथे फक्त हात बदललाय.

पेनाने वापरायचं काही बनवत असाल तर मात्र जास्त विचार करा, कारण तिथे खरोखर फक्त आमचेच हाल होतात. कागदावर शिरोरेषा देताना उजव्या हाताचे लोक पेन ओढतात, आम्हाला ते ढकलावं लागतं, आणि तळवा लिहिलेल्यावरून फिरतो. मागे एका विमा कार्यालयात टॅबवर सही करायची होती. चौकटीच्या खाली डावीकडेच 'पुसा' बटण होतं. माझा तळवा नेमका त्याच्यावर टेकायचा. तीनदा सही पुसली गेली. काउंटरवरचे म्हणाले, "मॅडम, उजव्या हाताने करा ना." शेवटी मनगट हवेत धरून सही केली, तर ती आधीच्या सहीशी जुळेना. वाईट वाटलं. लहानपणी आजी प्रसाद घेताना डावा हात मागे सारायची, तिची आठवण झाली. विंडोजमध्ये कुठल्या हाताने लिहिता ते सांगता येतं आणि मेन्यू हाताखाली न झाकला जाता दुसऱ्या बाजूला उघडतात. त्या 'पुसा' बटणासाठी एवढा विचार पुरला असता.

खर्चाचं विचारलंत. ॲण्ड्रॉइड ४.२ पासून, म्हणजे २०१२ पासून, कोडमध्ये डावं-उजवं न लिहिता 'सुरुवात' आणि 'शेवट' या अर्थाचे शब्द वापरता येतात, म्हणजे मांडणीची दिशा फिरवली की बटणं आपोआप दुसऱ्या बाजूला जातात. तसं लिहिलं असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. फोनच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये मांडणी सक्तीने उजवीकडून डावीकडे करायची सोय आहे. ती तपासण्यापुरती चालू करा, काय मोडतं ते दहा मिनिटांत दिसेल.

मग टेबलावरून उठा. उजव्या हातात दोन किलो कांद्यांची पिशवी घ्या, उभे राहा आणि डाव्या अंगठ्याने एक ऑर्डर सुरुवातीपासून पैसे भरण्यापर्यंत पूर्ण करा. जिथे पिशवी खाली ठेवावीशी वाटेल, ते पान आधी दुरुस्त करा.