आवाज चढला की हात डबीकडे जातो

प्रश्न: ताई, मला पाचवा महिना लागलाय. चौदा वर्षांची असल्यापासून मशेरी लावते. वडील दारू पिऊन मारायचे तेव्हा मी मागच्या पडवीत आजीजवळ जाऊन बसायचे, ती लावायची, तिच्या डबीत मी पण बोट बुडवायचे नि जरा बरं वाटायचं. आता घरात कुणाचा आवाज चढला की हात आपोआप डबीकडे जातो. तपासणीला गेले तर नर्सबाई सगळ्यांसमोर ओरडल्या, तेव्हापासून गेलेच नाही. कशी सोडू?

उत्तर: अगं, त्या चौदा वर्षांच्या पोरीच्या हाताशी दुसरं काहीच नव्हतं, त्यात तुझा काय दोष? आणि आवाज चढला की हात डबीकडे जातो असं तूच लिहितेस, मग ओरडून मशेरी सुटेल कशी, उलट वाढेल. त्या बाईंचं चुकलंच.

पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच गं, त्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जातं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ ला छापून आला, त्यात मशेरी-तंबाखूवाल्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी निघालं. तुला अजून उशीर झालेला नाही, बाळाचं वजन जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत भरतं.

आठवडाभर फक्त बघ, सकाळची तलफ कुठली आणि भीतीची कुठली. सकाळी बडीशेप, ब्रश, काहीही चालेल. भीतीची आली की पाय जमिनीवर घट्ट टेकव, मनगटावर गार पाणी सोड, श्वास सावकाश सोड, तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, झोप येणार नाही, ते घरात एका तरी माणसाला आधीच सांगून ठेव. निकोटीनचं च्युइंगम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तपासणी सोडू नकोस, हात जोडून सांगते. सोबत कुणाला तरी घेऊन जा, दुसऱ्या दवाखान्यात गेलीस तरी चालेल, आणि आत गेल्यावर एवढंच बोल, "मला मशेरी सोडायचीय, ओरडू नका, आणि हात लावायच्या आधी सांगा." जुनं सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ वर फुकट बोलता येतं. आत्ताही कुणी हात उगारत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर.

मध्येच एखाद दिवशी लावलीस तर लपवू नकोस, दुसऱ्या दिवसापासून परत सुरू कर, आणि सातव्यात मला लिही.