एका माणसाचा धर्म

तुझं पत्र वाचलं, सोबतचं तुझ्या प्रबंधाचं प्रकरणही. तो वृद्ध पुजारी विश्वाच्या उत्पत्तीपासून मेल्यानंतरच्या वाटेपर्यंत सगळं संगतवार सांगतो. बाकीचे ‘पूर्वीपासून असंच करतात’ यापलीकडे बोलत नाहीत. तुझे मार्गदर्शक म्हणतात लिहायला लाग आणि तू विचारतेस, थांबू का? थांब. एका माणसाच्या तोंडून धर्म लिहू नये.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल १९३१पासून मालीतल्या डोगॉन लोकांकडे जात होता. १९४६ साली ओगोतेमेली या अंध शिकाऱ्याने ३३ दिवस बसून त्याला विश्वरचना सांगितली. १९४८ साली त्याचं पुस्तक झालं आणि डोगॉन धर्म म्हणजे हाच, असं जगाने धरून घेतलं. पुढे डच मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर व्हॅन बीकने तिथे दीर्घकाळ काम केलं आणि १९९१ साली लिहिलं की ती रचना त्याला लोकांत सापडलीच नाही. ग्रिओलची बाजू घेणारेही आहेत, तेही वाच. पण यात कुणी खोटं बोललंच असेल असं नाही. बुद्धिमान माणसाला कुणी रोज प्रश्न विचारत बसलं, की तो आजचं उत्तर कालच्याशी जुळवून देतो. उरलेल्या फटी दुभाषा बुजवतो. कुणीच पाळत नाही असा धर्म वहीत तयार होतो, आणि तो फार देखणा असतो. तुझं प्रकरण फार देखणं आहे.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड आफ्रिकेतल्या अझांदे लोकांत होता तेव्हा त्याने आपल्या नोकराला, कमांगाला, एका वैदूकडे शिकायला ठेवलं. गुरू हातचं राखतोय हे दिसल्यावर त्याने दुसरा, प्रतिस्पर्धी वैदू आणला. चढाओढीत दोघांकडून बरंच बाहेर आलं. तू अशी भांडणं लावायला जाऊ नकोस. मतभेद असतातच, ते ऐकण्याइतका वेळ काढ.

वहीत प्रत्येक विधानापुढे पाच गोष्टी हव्यात: कोण बोललं, कुणासमोर, कोणत्या भाषेत, विचारल्यावर की आपणहून, आणि तेव्हा काय चाललं होतं. तुझ्या टिपणांत पहिलीच तेवढी आहे! ‘हे का करता?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये. त्याने लोक गप्प होतात, नाहीतर पुजाऱ्याकडे बोट दाखवतात. मागच्या वेळी कुणी केलं, कोण आलं नाही, खर्च कुणी उचलला, काय चुकलं, ते विचार. चुकलेलं तर सोडूच नकोस. पाणी भलत्या बाजूला सांडलं, मागे बसलेली म्हातारी ओरडली, पुन्हा करायचं की चालेल यावर चौघं हुज्जत घालू लागले, की विधीत अटळ काय आणि सोयीचं काय ते आपोआप कळतं. अशी हुज्जत पुजाऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकू येत नाही. एकच विधी निदान तीन वेगवेगळ्या घरांत पाहा. विधीतल्या एखाद्या खुणेबद्दल लोक काय सांगतात, प्रत्यक्षात तिचं काय करतात आणि ती इतर कोणत्या खुणांसोबत येते, हे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरने वेगवेगळं धरलं. तूही तीन रकाने कर. तुझा पहिला रकाना दुसऱ्याला गिळतोय.

परवानगीचंही तेच. पुजारी ‘छाप’ म्हणाला म्हणून भागत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या झुनी या मूळ रहिवासी लोकांनी १९७८पासून आपल्या युद्धदेवांच्या मूर्ती संग्रहालयांकडून परत मागितल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं: त्या साऱ्यांच्या आहेत, कुणा एकाला देण्याचा अधिकारच नव्हता. गुप्त विधींचे फोटो आणि मंत्र यांनाही हाच नियम लाव.

शिष्यवृत्ती संपत आलीये, ठाऊक आहे मला. एखादा शोधनिबंध कमी होईल. होऊ दे. माझं छापलेलं थोडं आहे ते याच हट्टापायी. आळशी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

पुजाऱ्यावरचं प्रकरण फाडू नकोस. तो विचारवंत आहे. शीर्षक बदल आणि ते त्याचे विचार म्हणून लिही, नाव घालायचं की नाही ते त्यालाच विचार. आता त्याला विधीला न बोलावणारी घरं शोध. ती असतातच. पुढच्या पत्रात त्यांचं पाठव, त्याची एक ओळही नको.