अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठात पीएचडीसाठी अर्ज करताना नियम नेमके कुणाचे पाळायचे?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातून तीन वर्षांची बीएस्सी झाली आहे, एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष सुरू आहे आणि स्टॅनफर्डला पीएचडीसाठी अर्ज करायचा आहे. कन्सल्टंटने सांगितलंय की तिथल्या दोन-तीन डिपार्टमेंटना एकदमच अर्ज टाकू, सीजीपीए चारच्या स्केलवर बदलून देऊ आणि शिफारसपत्रं आम्हीच तयार करून देऊ. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नियमात बसत नाहीत आणि तिसरी तुमचं थेट नुकसान करू शकते. मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. माझी पीएचडी अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठातली आहे आणि दरवर्षी मुलांसाठी शिफारसपत्रं लिहितो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे प्रवेश म्हटलं की मेरिट लिस्ट, कटऑफ, कॅप राउंड असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. तिथे तसं काही नसतं. विद्यापीठाचं मध्यवर्ती कार्यालय फक्त उंबरठा ठरवतं: कोणती पदवी चालेल, इंग्रजीची परीक्षा लागेल का, फी किती, कागदपत्रं कशी द्यायची. तो उंबरठा ओलांडलेल्या अर्जांतून कुणाला घ्यायचं, हे त्या डिपार्टमेंटच्या प्राध्यापकांची समिती ठरवते. त्यामुळे नियमही दोन ठिकाणी लिहिलेले असतात आणि दोन्ही वाचावे लागतात. मुलं बहुधा एकच पान वाचतात, तेही एखाद्या यूट्यूब व्हिडिओतून कळलेलं.

आता स्टॅनफर्डचंच घेऊ. तिथे एका शैक्षणिक वर्षात एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. बिझनेस, लॉ, मेडिसिन अशा व्यावसायिक शाखांना अपवाद आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. म्हणजे तुम्हाला निवड करावी लागेल, आणि फिजिक्सवाल्यांसाठी ती खरोखर विचार करण्याजोगी आहे, कारण तिथे फिजिक्स आणि अप्लाइड फिजिक्स ही दोन स्वतंत्र डिपार्टमेंट आहेत. फिजिक्समध्ये बाहेरच्या विद्यार्थ्याला फक्त मास्टर्ससाठी प्रवेश नाही, पीएचडीच करावी लागते. अप्लाइड फिजिक्समध्ये मास्टर्स आणि पीएचडी दोन्ही आहेत. विश्वरचना किंवा कण-भौतिकी करायची असेल तर ओढा पहिल्याकडे असणार. लेझर, क्वांटम ऑप्टिक्स, बायोफिजिक्स असं काही डोक्यात असेल तर दुसऱ्याकडे. कंडेन्स्ड मॅटर दोन्हीकडे चालतं. एका डिपार्टमेंटचा विद्यार्थी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या प्राध्यापकाकडे किंवा स्लॅक या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेत काम करताना सर्रास दिसतो, त्यामुळे दार चुकलं तर सगळंच संपलं, असं समजू नका. पण दार एकच ठोठावता येतं. अर्जाची फी 125 डॉलर आहे, तेव्हा ‘टाकून तर बघू’ म्हणायला ती कमी नाही.

तीन वर्षांच्या बीएस्सीची काळजी मात्र सोडा. फक्त तीन वर्षांची पदवी असती तर अनेक अमेरिकी विद्यापीठांत अडचण आली असती, कारण त्यांची पदवी चार वर्षांची. त्यावर दोन वर्षांची एमएस्सी असली की ही अडचण सहसा उरत नाही. तुमच्यामागून येणाऱ्या एखाद्या मुलाकडे केवळ तीन वर्षांची पदवी असेल, तर काही विद्यापीठं डब्ल्यूईएससारख्या (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, परदेशी पदव्या अमेरिकी पदवीशी ताडून पाहणारी संस्था) संस्थेकडून मूल्यांकन करून घेतात. डब्ल्यूईएसच्या निकषांत कॉलेजची नॅक श्रेणी आणि फर्स्ट क्लास या गोष्टींना महत्त्व आहे. सगळी विद्यापीठं हे मूल्यांकन मागत नाहीत. मागितलं नसेल तर उगाच पैसे घालवू नका.

सीजीपीए बदलून देण्याचं म्हणाल तर अजिबात बदलू नका. स्टॅनफर्ड सांगतं की मार्कशीटवर जो आकडा आणि जो स्केल आहे, तोच भरा. दहापैकी 7.8 असेल तर 7.8 लिहा आणि स्केल 10 निवडा. आपल्याकडे कुणी अडीचने भागतं, कुणी टक्के काढून मग तक्ता वापरतं, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. समितीतल्या लोकांनी भारतातल्या मार्कशीट पुष्कळ पाहिलेल्या असतात, 7.8 म्हणजे काय ते त्यांना कळतं. अर्जाच्या वेळी अनधिकृत प्रत अपलोड केली तरी चालते. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात आणि ती अर्जातल्या आकड्यांशी ताडून पाहतात. तिथे तफावत निघाली तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो.

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेबद्दल प्रत्येक डिपार्टमेंटचं पान स्वतः उघडून पाहा, कारण शेजारच्या दोन डिपार्टमेंटचे नियम वेगळे असू शकतात आणि ते दरवर्षी बदलतात. ‘आवश्यक’, ‘ऐच्छिक’ आणि ‘स्वीकारत नाही’ हे तीन वेगळे प्रकार आहेत. एमआयटीचं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट तिसऱ्या प्रकारात मोडतं: कितीही उत्तम स्कोअर असला तरी ते तो पाहतच नाहीत. ऐच्छिक असेल तर तुमचा क्वांटचा (गणिताच्या भागाचा) स्कोअर खरंच चांगला असल्याशिवाय पाठवू नका. स्कोअर पाच वर्षं चालतो आणि सप्टेंबर 2023 पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली आहे, हे मात्र सोयीचं झालं. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर दोनच वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे ती परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं म्हणून सूट मिळेल का, हे विद्यापीठाच्या पानावर पाहा. कॉलेजचं पत्र घेऊन सूट देणारी विद्यापीठं आहेत, न देणारीही आहेत.

आता शिफारसपत्रं. माझ्या मते निम्मा अर्ज इथे ठरतो आणि आपली मुलं नेमकी इथेच मार खातात. साधारणपणे तीन पत्रं लागतात. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग मुलगा कन्सल्टंटकडून नमुना आणतो आणि तिन्ही पत्रांत तेच ‘हुशार, मेहनती, शिस्तप्रिय’ उतरतं. डझनावारी अर्ज वाचणाऱ्या माणसाला ही पत्रं एकाच हातची आहेत हे लगेच कळतं. अशा पत्रांनी तुमचं काही वजन वाढत नाही, उलट बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. शिवाय पत्र शिफारस करणाऱ्याने स्वतः ऑनलाइन भरायचं असतं आणि त्यासाठीची लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते. तो ईमेल कन्सल्टंटने बनवलेला असेल तर ती सरळ फसवणूक आहे आणि अर्जावर सही तुमची असते.

सर वेळ देत नसतील तर त्यांचं काम हलकं करा. एक पान लिहून द्या: तुम्ही त्यांच्याकडे कोणता प्रकल्प केला, कुठे अडलात, ती अडचण कशी सोडवली, कुठल्या डिपार्टमेंटला आणि का अर्ज करताय, शेवटची तारीख काय. पत्र त्यांनी लिहायचं. मी स्वतः अशा पानाशिवाय पत्र लिहायला बसत नाही, कारण दोन वर्षांपूर्वीच्या प्रॅक्टिकलमध्ये कुणी काय केलं होतं ते मला आठवत नाही. आणि एखाद्या मोठ्या पदावरच्या माणसाने ‘हा विद्यार्थी मला माहीत आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा, तुमच्याबरोबर सहा महिने लॅबमध्ये बसलेल्या तरुण शिक्षकाचं पत्र कितीतरी मोलाचं. अर्जात एक प्रश्न येईल: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? 1974 च्या फेर्पा कायद्यामुळे तिथे प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला आपली पत्रं पाहता येतात. हा हक्क सोडा. विद्यार्थी पाहणार नाही हे माहीत असलं की पत्र मोकळेपणाने लिहिलेलं आहे, असं वाचणारा धरून चालतो.

एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) ‘लहानपणापासून आकाशातले तारे’ नको. एमएस्सीच्या प्रबंधात काय मोजलं, आकडे अपेक्षेप्रमाणे का आले नाहीत, पुढे कोणता प्रश्न धरायचा आहे आणि तो त्याच डिपार्टमेंटमध्ये का, एवढं नीट मांडलंत तरी पुष्कळ झालं. प्राध्यापकांना आधी ईमेल करायचा का, असंही तुम्ही विचारलंय. स्टॅनफर्डच्या फिजिक्समध्ये प्रवेश समिती देते, एकटा प्राध्यापक नाही, आणि पहिल्या वर्षी वेगवेगळ्या गटांत काम करून मग गाइड ठरवता येतो. त्यामुळे पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नका. एखाद्याचा पेपर खरोखर वाचला असेल आणि शंका असेल तर मात्र जरूर लिहा.

पैशांबद्दल घरी बोलताना हे सांगा: अशा विद्यापीठांत विज्ञानाच्या पीएचडीला सहसा ट्यूशन माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. मास्टर्सचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचा. सरकारी विद्यापीठात त्या राज्याबाहेरच्यांना फी जास्त पडते, खासगीत ती सगळ्यांना सारखीच असते. स्टॅनफर्डचाच नाइट-हेनेसी हा शिष्यवृत्ती कार्यक्रमही आहे, पण त्याचा अर्ज वेगळा आणि मुदत ऑक्टोबरमध्येच संपते, म्हणजे डिपार्टमेंटच्या मुदतीच्या कितीतरी आधी. मास्टर्सच करायचं ठरलं तर जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती पाहा. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचून अटी तपासा. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: 2025 मध्ये तिथला संघीय संशोधन निधी कापला गेल्यावर काही नामांकित विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. म्हणून केवळ स्टॅनफर्डवर थांबू नका, सात-आठ ठिकाणी अर्ज करा आणि प्रत्येक ठिकाणचे दोन्ही नियम पुन्हा वाचा.

तुमच्या एमएस्सीच्या निकालाबद्दल: स्टॅनफर्डचं वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, तर अनेक विद्यापीठांचं ऑगस्टमध्येच. आपल्याकडचा निकाल आणि पदवी प्रमाणपत्र लांबलं तर हा महिनाभराचा फरक फार उपयोगी पडतो. तरी परीक्षा झाल्या झाल्या ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज टाकून ठेवा. आणि कुठूनही स्टायपेंडसह ऑफर आली आणि ‘आठवड्याभरात कळवा’ असा दबाव आला, तर कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा ठराव लक्षात ठेवा. त्यावर सही केलेली विद्यापीठं अशा ऑफरला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करू शकत नाहीत. विद्यापीठाचं नाव त्या यादीत आहे का ते पाहा, आणि असेल तर बाकीची उत्तरं येईपर्यंत थांबा.