हप्ता पहिल्या पगारावर मोज

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू शुल्काचा कागद टेबलावर पालथा ठेवलास आणि सगळे बोलून झाल्यावर, निघायच्या वेळी, तो सुलटा केलास. संगणक अभियांत्रिकी, संस्थास्तरावरची, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती जागा, वर्षाला अडीच लाख. समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'पॅकेज 7.5, कर्ज दीड वर्षात फिटेल.' बाबा समोर बसले होते म्हणून मी गप्प राहिलो, पण ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कर्ज पहिल्या पगारावर मोजायचे असते. माहितीपत्रकातल्या पगारावर नाही, पाच वर्षांनंतरच्या पगारावर तर मुळीच नाही. व्याज दहा टक्के धर. शिकत असताना आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चालूच असते. दरवर्षी अडीच लाख उचललेस, तर हप्ता सुरू होईल तेव्हा दहा लाखांचे साडेतेरा लाख झालेले असतील. दहा वर्षांची मुदत घेतलीस, तर महिन्याचा हप्ता 17,800 रुपयांच्या आसपास येतो. घाऊक भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्या नवख्या अभियंत्याला साधारण साडेतीन लाखांचे पॅकेज देतात, त्यातले हातात येतात महिन्याला 24-25 हजार. उरलेल्या सात हजारांत पुण्यात खोली, डबा आणि बसचा पास कसा बसवायचा, ते तू मला मांडून दाखव.

महाविद्यालयाचे सरासरी पॅकेज तर साडेसात लाख आहे, असे तू म्हणशील. सरासरी चार-पाच मुलांच्या मोठ्या आकड्यांनी वर ओढली जाते. पगार उतरत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले, ते महाविद्यालयाला विचार, आणि ज्यांना नोकरी लागलीच नाही ती मुले त्या हिशेबात धरली आहेत का, तेही विचार. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समज.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. 2008 साली, शेवटच्या वर्षाला असताना, मला नेमणुकीचे पत्र मिळाले आणि आईने गल्लीभर पेढे वाटले. मग मंदी आली आणि रुजू होण्याची तारीख चौदा महिने पुढे गेली. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या वेळी सुरू झाला. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही होती. त्यांनी पतपेढीतून दुसरे कर्ज काढून बँकेचा हप्ता भरला आणि ही गोष्ट मला दोन वर्षे कळू दिली नाही. पतपेढीचे ते निळे पासबुक मला त्यांच्या सदऱ्यांच्या घडीखाली सापडले. दर महिन्याच्या पाच तारखेची नोंद होती, एकही चुकलेली नव्हती.

पुढे 2011 मध्ये एका लहान कंपनीने मला नेटवर्क प्रणालीचे काम देऊ केले. ज्या कामासाठी मी ही शाखा घेतली होती, तेच ते काम होते, फक्त पहिले वर्षभर पगार कमी मिळणार होता. हप्त्याकडे पाहून मी नाही म्हणालो आणि आणखी चार वर्षे दुसऱ्यांच्या जुन्या प्रणालींची डागडुजी करत बसलो. माझा धाकटा भाऊ म्हणतो की मी भीतीलाच तत्त्व म्हणतो. त्याला पाच तारीख कधी मोजावी लागली नाही. घरात दोन कर्जे चालू असताना पगार कमी करून घेणे हे धाडस नव्हते, आणि मी केले ते बरोबरच केले, असे मी आजही म्हणतो. चूक त्याच्या खूप आधी, प्रवेश घेताना झाली होती. पहिला पगार किती असेल हे न विचारता सही केली, ती चूक.

आता तुझ्यापुढे काय आहे ते पाहा. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत तुला शासकीय महाविद्यालयात अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) व दूरसंचार शाखा मिळते आहे. तुम्ही इतर मागासवर्गीय, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत. 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा मुलीचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण ते फेरीतून प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावरच्या जागेला ही माफी नाही. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च राहतो, तो बाबांना झेपण्यासारखा आहे. घाऊक भरतीला येणाऱ्या त्याच कंपन्या सहसा सगळ्या शाखांची मुले घेतात. कार्यप्रणाली, डेटाबेस, संगणक जाळी हे विषय तू रात्री बसून शिकशील, तेवढी चिकाटी तुझ्यात आहे, मी पाहिली आहे. मग पदवीवर 'संगणक' हा शब्द यावा एवढ्यासाठी दहा लाख? आणि साडेसात लाखांच्या पुढे बँक सहसा तारण मागते. तुमच्याकडे तारण म्हणजे राहते घर, दुसरे काय आहे?

रागावलो असेन तर रागावू दे. पहिला पगार, पुन्हा सांगतो, पहिला पगार. हप्ता त्याच्या पाचव्या हिश्शाच्या वर जात असेल, तर ते कर्ज घ्यायचे नाही.

इतके सांगूनही तीच जागा घेणार असशील, तर निदान शिकत असताना आणि नंतरच्या त्या एका वर्षातही व्याज भरत जा. पहिल्या वर्षी ते महिन्याला 2,083 रुपये पडेल आणि चौथ्या वर्षापासून 8,333. ते भरलेस, तर साडेतीन लाख मुद्दलात चढणार नाहीत आणि हप्ता 13,200 वर येईल. तोही पाचव्या हिश्शाच्या कितीतरी वर आहे.

जागा स्वीकारण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते. गुरुवारी बाबांना घेऊन ये. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर बरोबर आण, आणि तो पेन्सिलीच्या ओळीचा कागदही आण.

तुझा,
काका