लहान मेंदूला इजा झाली तर लकवा मारतो का? हालचालींवर नक्की काय परिणाम होतो?

लकवा नाही मारत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि असे पेशंट आले की नातेवाईक हमखास गोंधळतात ते इथेच, की हाताची पकड तर घट्ट आहे मग ग्लास तोंडापर्यंत का नेता येत नाही.

ताकद बहुतेक शाबूत असते हो, जातो तो अंदाज. ग्लास उचलायचा तर हात किती पुढे न्यायचा, कुठे वेग कमी करायचा, कुठला स्नायू कधी सैल सोडायचा हे सगळं लहान मेंदू आपल्या नकळत जुळवत असतो. ते बिघडलं की हात ग्लासाच्या पुढे तरी जातो नाहीतर अलीकडेच थांबतो, आणि जसजसा जवळ जाईल तसतसा जास्त थरथरतो. पार्किन्सनची थरथर हात मांडीवर निवांत असताना दिसते, इथे त्याच्या उलट. डॉक्टर 'आधी तुमच्या नाकाला बोट लावा, मग माझ्या बोटाला' असं करायला लावतात ना, ते हेच बघायला.

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने हे फार बारकाईने लिहून ठेवलंय. त्याच्या एका पेशंटचं म्हणणं असं होतं की डावा हात आपोआप चालतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. मला तरी हा त्रास याहून नेमका कोणी सांगितलेला आठवत नाही.

आणि हो, उजव्या बाजूला इजा झाली तर त्रास उजव्याच हातापायाला होतो, मोठ्या मेंदूसारखा उलट्या बाजूला नाही, कारण इथले मार्ग दोनदा बाजू बदलतात. लहान मेंदूच्या मधल्या भागाला मार बसला तर हात बरे राहू शकतात पण धड सावरत नाही, माणूस पाय फाकवून झोकांड्या खात चालतो. लोकांना वाटतं प्यायलाय! तसं दिसतं त्यालाही कारण आहे, दारूचा परिणाम याच भागावर होतो. बोलणं तुटक होतं, डोळे एका जागी स्थिर राहत नाहीत, ते वेगळंच.

एक मात्र लक्षात ठेवा, अचानक गरगरून उलट्या सुरू झाल्या आणि उभंच राहता येईना तर पित्त म्हणून घरी झोपून राहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. लहान मेंदूचा स्ट्रोक असाही येतो, आणि तिथे सूज आली तर शेजारच्या ब्रेनस्टेमवर (श्वास, हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा देठ) दाब येऊन जीवावर बेततं.

बरं होणं कारणावर आहे. छोट्या स्ट्रोकनंतर पुष्कळ जण चांगले सुधारतात, आनुवंशिक अटॅक्सियात (हालचालींचा ताळमेळ बिघडवणारा, घराण्यात चालत येणारा आजार) मात्र हळूहळू वाढतच जातं. गोची अशी की चुकत चुकत शिकणं हेही लहान मेंदूचंच काम, म्हणून व्यायामाला वेळ लागतो. तोवर आम्ही कोपर टेबलावर टेकवून, एका वेळी एकच सांधा हलवायला शिकवतो. ग्लास सावकाश का होईना, न सांडता तोंडापर्यंत पोचतो, निदान अर्धा तरी :)